तीन मिनिटांची टेकडी

दिग्दर्शक : फक्त तीन मिनिटं, हवालदारसाहेब. तीन मिनिटं टेकडी आपली होऊ द्या!

हवालदार : पण टेकडी आपण घेतलीच नव्हती, साहेब. आपली माणसं निम्म्या चढावर अडकली होती. वरचं टोक कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दिग्दर्शक : मी कुठे कायमची घेतोय? घेतो, झेंडा लावतो, हीरो पडतो, टेकडी परत देऊन टाकतो. शेवट तोच. मोहीम फसली ती फसलीच.

हवालदार : आणि हा पाऊस? त्या दिवशी रणरणतं ऊन होतं.

दिग्दर्शक : फसलेल्या मोहिमेला पाऊस लागतो. उन्हात हरलं की लोक विचारतात, चूक कुणाची? पावसात हरलं की नुसते रडतात.

रेकॉर्डिस्ट : सर, स्टुडिओ एक वाजेपर्यंतच आहे आपल्याकडे. काकांचं वाक्य घ्यायचं होतं ना?

दिग्दर्शक : घ्यायचंय, घ्यायचंय. हवालदारसाहेब, तुम्हाला बोलावलं सल्लागार म्हणून. पण तुमचा आवाज ऐकला आणि ठरवून टाकलं. तळावरच्या वायरलेसवाल्याचा आवाज तुमचाच. त्या दिवशी वायरलेस सेटवर तुम्हीच होतात ना?

हवालदार : मीच होतो. बत्तीस वर्षं झाली.

दिग्दर्शक : मग अजून काय पाहिजे! समोर पडद्यावर बघा. टेकडीवर आपला हीरो, पाठीवर सेट...

हवालदार : हा म्हणजे आमचा पोपट?

दिग्दर्शक : नाव बदललंय हो. हीरोचं नाव पोपट ठेवलं तर थिएटरात शिट्ट्या पडतील.

हवालदार : दिवसभर सेटवर बडबड करायचा, म्हणून पोपट. बदललंत ते बरंच केलंत. हा तो नाहीच. हा ओरडतोय किती!

दिग्दर्शक : रणांगण आहे, साहेब!

हवालदार : सेटवर कुणी ओरडत नाही. आवाज फाटतो. आणि गोळी लागल्यावर हा इतका वेळ काय बोलतोय?

दिग्दर्शक : दीड मिनिटाचं भाषण आहे. लेखकाने जीव ओतलाय.

हवालदार : गोळी लागलेला माणूस पाणी मागतो, साहेब.

दिग्दर्शक : पाऊस पडतोय ना, पाणी कशाला मागेल? बघा, आता दुसरी गोळी थेट सेटला लागते. सेट फुटला, माघारीचा हुकूम पोचलाच नाही. इकडे तळावर तुम्ही जीव तोडून विचारताय : ‘आवाज येत नाही. पुन्हा सांगा.’ बास. पाच शब्द.

रेकॉर्डिस्ट : काका, माइकपासून वीतभर लांब राहा. लाल दिवा लागला की बोला. हं.

हवालदार : ऐकू येतंय. स्पष्ट.

दिग्दर्शक : कट! ‘येत नाही’, साहेब. नाही. होतं असं पहिल्यांदा. पुन्हा.

रेकॉर्डिस्ट : दिवा लागला, काका.

हवालदार : ऐकतोय, पोपट. सगळ्यांना घेऊन खाली ये.

दिग्दर्शक : अहो, हे कुठलं वाक्य? पटकथेत नाही हे.

हवालदार : नाही. तेव्हाही नव्हतं.

रेकॉर्डिस्ट : काका, बसा जरा. पाणी आणू?

हवालदार : नको, पोरी. साहेब, तुमचं ते वाक्य मी एकदा बोललोय. एकदा नाही, सकाळी नऊपासून दुपारपर्यंत बोलत होतो. परत नाही बोलता येत.

दिग्दर्शक : म्हणजे खरंच तसंच घडलं! मग उलट चांगलंय की.

हवालदार : सेट फुटला नव्हता, साहेब. शेजारी बसून बोलावं तसा आवाज येत होता त्याचा. म्हणत होता, एकतीस जण आहोत, पुढे जाता येत नाही, खाली येऊ का? मी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मोठ्या साहेबांकडे बघितलं. त्यांनी तोवर मुख्यालयाला कळवून टाकलं होतं की टेकडी घेतली.

दिग्दर्शक : न घेताच?

हवालदार : तुम्ही तीन मिनिटं घेतलीत, त्यांनी तीन तास. आता घेतलेल्या टेकडीवरून माणसं परत कशी बोलवायची? मला म्हणाले, सांग त्याला, आवाज येत नाही.

रेकॉर्डिस्ट : आणि तुम्ही...

हवालदार : सांगितलं.

रेकॉर्डिस्ट : मग तो काय म्हणाला?

हवालदार : माझीच समजूत काढायला लागला. म्हणाला, माझ्याच सेटमध्ये काहीतरी बिघडलंय, तू घाबरू नकोस, बॅटरी बदलून बघतो. बदलली. मी म्हटलं, येत नाही. मग म्हणाला, थांब, एरियल उंच धरतो. आणि आडोसा सोडून उभा राहिला.

दिग्दर्शक : बापरे.

हवालदार : एकतीसपैकी नऊ जण आले खाली. त्यांनी सांगितलं, उभा कसा राहिला ते.

दिग्दर्शक : साहेब, हे भयंकर आहे. म्हणजे, सिनेमा म्हणून भयंकर चांगलं आहे. पण या सिनेमात नाही बसणार हो. मोठ्या साहेबांनी स्वतः पटकथा वाचलीय. शुक्रवारी पहिल्या खेळाला प्रमुख पाहुणे तेच आहेत. सेटला गोळी लागते, ही कल्पनासुद्धा त्यांचीच.

हवालदार : माहीत आहे. चौकशीतही त्यांचीच होती. जबाबाखाली सही माझी आहे.

दिग्दर्शक : मग ताणता कशाला? गोळी शत्रूची. तिला कुणी जाब विचारत नाही. आणि तुमच्या पोपटाची मुलगी येणार आहे ना शुक्रवारी? तिला काय दाखवू? बाप हाका मारतोय आणि इकडे कुणी ओ देत नाही?

हवालदार : तिला मीच सांगत आलो, सेट फुटला म्हणून. शाळेत होती तेव्हापासून विचारते, काका, बाबा शेवटी काय बोलले? शेवटचं बोलणं माझ्याशी झालं म्हणून माझ्यावर जीव आहे तिचा. परीक्षेचा निकाल आईच्या आधी मला सांगायची.

दिग्दर्शक : बघा! मग कशाला तिचं मन मोडता? जाऊ दे. तुम्ही दमलात. बाहेर दुसऱ्या सिनेमाचे दोन-तीन कलाकार बसलेत, त्यातला एखादा बोलेल. पाच शब्द तर आहेत. तुमचं सल्लागार म्हणून नाव राहीलच.

हवालदार : तेही काढा.

दिग्दर्शक : अहो, सल्लागार नसेल तर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं कसं लिहू मी?

रेकॉर्डिस्ट : ‘प्रेरित’ लिहा, सर.

दिग्दर्शक : हां! ‘सत्य घटनेवरून प्रेरित’. हे चालेल. हुशार आहेस. आलोच मी कलाकार घेऊन.

(दिग्दर्शक घाईने बाहेर जातो. दार आपोआप बंद होतं.)

रेकॉर्डिस्ट : काका, हुकूम होता तुम्हाला. तुमच्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केलं असतं.

हवालदार : मीही स्वतःला तेच सांगतो. पण मोठ्या साहेबांचा आवाज पोपटाला कधी ऐकूच गेला नाही, पोरी. त्याने विश्वास ठेवला तो माझ्यावर. इथून फोन लागतो का?

रेकॉर्डिस्ट : या भिंतींच्या आत नाही लागत. बाहेर जिन्याच्या खिडकीशी लागेल. कुणाला करताय?

हवालदार : पोपटाच्या मुलीला. शुक्रवारी ती हे सगळं बघणार आणि शेजारच्या खुर्चीवर मी बसणार. त्याआधी सांगायला हवं.

रेकॉर्डिस्ट : मग घरी जाऊन, समोर बसून सांगा ना.

हवालदार : समोर बसलो की चहा करते ती. मग माझी जीभ उचलत नाही. अनेकदा झालंय असं. चल, तूही ये. एकट्याने केला तर मधेच ठेवून देईन मी.

रेकॉर्डिस्ट : या. इथे खिडकीशी उभे राहा, इथे रेंज चांगली आहे.

हवालदार : हॅलो... हो, मीच. तब्येत ठीक आहे गं. कामात आहेस का?... नाही, सिनेमाचं नाही. तुझ्या बाबांचं. जरा बसून घे... बसलीस? बाळ, सेट फुटला नव्हता. त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता मला. येत नाही असं मी त्याला सांगितलं... हो. मी. शेवटी काय बोलला तेही सांगतो. पण तुला ऐकायचं असेल तरच.

रेकॉर्डिस्ट : काय म्हणतेय?

हवालदार : काहीच नाही.

रेकॉर्डिस्ट : ठेवला का तिने?

हवालदार : नाही. श्वास ऐकू येतोय तिचा.