घरानं पसंत केलेलं नाक

...अहो, मला फक्त श्वास हवा होता हो! नाकाचा पडदा वाकडा, उजवी नाकपुडी जन्मापासून संपावर, घोरणं असं की शेजारी भिंत ठोकतात, बायको उशी घेऊन स्वयंपाकघर गाठते... आणि तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली आणि म्हणाले, "भूल देतोच आहोत, तर हातासरशी बाहेरूनही सरळ करून टाकू? आवडत्या नाकाचा एखादा फोटो आणा!" मी काय शिंप्याकडे आलोय?

पण घरी हे बोललो, तिथंच चुकलो. बास! माझं नाक सार्वजनिक झालं. आई म्हणते, "बाहेरून हात लावायचा नाही! घराण्याचं नाक आहे ते!" बायको म्हणते, "म्हणून तर बदलायचं!" मी मधे बोट वर करून म्हणतोय, मला फक्त श्वास हवाय... ऐकतंय कोण? शेवटी बायकोनं एक फोटो आणला, नाकापुरता कापलेला, वर कपाळ नाही, खाली ओठ नाहीत. आईनं चष्मा लावला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि विरघळलीच! "अगबाई, काय सरळ नाक! बघताक्षणी कळतं, चांगल्या घरातलं आहे. हेच बसवा." सासू-सुनेचं एकमत! आमच्या लग्नानंतर पहिलंच! मग माझी काय बिशाद नाही म्हणायची?

झालं ऑपरेशन. पट्ट्या निघाल्या आणि तुम्हाला सांगतो, श्वास...! आहाहा! दोन्ही नाकपुड्या सताड उघड्या! मला फक्त हेच तर हवं होतं! संध्याकाळी सासरेबुवा बघायला आले, माझ्या शेजारी सोफ्यावर टेकले. आई नाइलाजानं चहा घेऊन आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे... ट्रे तिरका! अहो, लग्नापासून ज्या माणसाचं ती तोंड बघत नाही, त्याचंच नाक तिनं स्वतः पसंत करून पोटच्या पोराला बसवून घेतलं होतं! आणि बायको? दाराआड तोंडावर हात धरून हसतेय!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं हो. आईनं अबोला धरला असता, मी आरशाकडे पाठ केली असती, श्वास तर मिळाला होता! पण सासरेबुवांना गहिवरून आलं. माझा हात धरून म्हणतात, "जावईबापू, तुमचं बघून मलाही धीर आला. मीही ऑपरेशनची तारीख घेतलीय. या माझ्या नाकातून जन्मात कधी धड श्वास आला नाही हो!"

तेव्हापासून हवा येतेय की नाही, तेच तपासत बसलोय. येतेय म्हणा... पण तोंड आपलं उघडंच ठेवतो. न जाणो!