एक पॉइंट संडासाला

...आणि वर मलाच विचारतात, "हरलात कसे?" अहो, कसे म्हणजे? उभे राहून हरलो! तुम्हाला सांगतो, फायनल झाल्यापासून जो भेटतो तो मला अक्कल शिकवतो. परवा सलूनवाला अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून म्हणतो, "खेळाडूंनी कशाला असल्या भानगडीत पडावं? तुम्ही फक्त खेळा!" आता वस्तरा त्याच्या हातात, गळा माझा, मी काय वाद घालणार? भाजीवाला तेच, शेजारी तेच. सख्खा मेहुणा, ज्याच्या बहिणीपायी हे सगळं रामायण झालं, तोसुद्धा तंगड्या पसरून तेच म्हणतो, "दाजी, तुम्ही फक्त खेळा!"

बरं, मी कोण? मी बस चालवतो, आणि आमच्या बस डेपोच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन आहे. पोट आहे, नाही म्हणत नाही, पण पोटासकट उडी मारतो. बायको त्याच डेपोत कंडक्टर. आता डेपो केवढा म्हणाल तर हा एवढा! गाड्या धुवायला जागा आहे, जुने टायर ठेवायला शेड आहे, मॅनेजरसाहेबांच्या कुंड्यांना स्वतंत्र नळ आहे... आणि बायकांना संडास नाही! पुरुषांचा आहे, बायकांचा नाही. का नाही? तर डेपो बांधला तेव्हा बायका कंडक्टर नव्हत्या. अहो, तेव्हा तुमचा टेलिफोनही नव्हता, तो बसवलात ना?

मग बायकांनी करायचं काय? पाणी प्यायचं नाही, झालं! आमची ही घरून निघताना चहासुद्धा अर्धा ठेवायची. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घशाला कोरड पडायची, पण बाटलीला हात लावायची नाही. व्हायचं तेच झालं. थंडी वाजून ताप, लघवीला आग, दवाखान्यात सलाईन. डॉक्टरीणबाई तिच्यावरच डाफरल्या, "एवढी शिकलेली बाई, पाणी का पीत नाही?" मी बाजूच्या स्टुलावर. तुम्हाला सांगतो, मला रडू यायच्या आधी राग आला. अर्ज तर बायकांनी किती केले! दर वेळी उत्तर एकच, "विचार चालू आहे." अहो, एवढा विचार करून माणसं लग्नसुद्धा करत नाहीत!

तर मी टीमला म्हटलं, आपण स्पर्धेच्या फायनलला पोचलोय, तिथे सगळं गाव येतं, मोठे पाहुणे येतात, तिथेच बोलायचं. टीम लगेच तयार झाली असं समजू नका. आमचा शिडी म्हणजे आमचा उंच गडी, नेटवरून खाली बघून बॉल मारतो, तो म्हणाला, "कॅप्टन, आज संडास, उद्या गटार, परवा रस्ता... मग खेळायचं कधी? आणि मी अजून नोकरीत कायम नाही." प्रश्न खरा होता हो. मी म्हटलं, "तुझी वहिनी चार दिवस दवाखान्यात होती. तू डबा घेऊन आला होतास. मला उत्तर येत नाही, तूच ठरव." तो नखं खात बसला.

मग फलक लिहायला बसलो. तिथे नवाच घोळ! एक म्हणाला, संडास कसं लिहायचं, सभ्य लोक येणार. दुसरा म्हणाला, 'प्रसाधनगृह' लिहा. बायका म्हणाल्या, "तिथे काय पावडर लावायचीय आम्हाला?" तिसऱ्याने सुचवलं 'महिलांची सोय'. ते वाचून लोकांना वाटलं असतं, बायकांना स्थळं बघतोय आम्ही! शेवटी मीच वैतागलो. म्हटलं, काही लिहायचंच नाही. शिट्टी झाली की आठ सेकंदांत सर्व्हिस करावी लागते, नाही केली तर पॉइंट गेला. आपण प्रत्येक सेटमधली आपली पहिली सर्व्हिस करायचीच नाही. बॉल धरून उभं राहायचं, कोणी विचारलं की का ते सांगायचं. एक पॉइंट संडासाला!

हे मॅनेजरच्या कानावर गेलं. बोलावणं आलं. "खेळात हे असलं आणू नका हं! लोक करमणुकीला येतात. तुम्ही फक्त खेळा!" मी म्हटलं, साहेब, तिकीट वाढलं तेव्हा 'दरवाढ तुमच्याच भल्यासाठी' लिहिलेल्या टोप्या घालून आम्हाला गावभर कोणी फिरवलं? डिझेल वाचवायला सायकलवर कोणी बसवलं? तेव्हा आम्ही फक्त खेळत होतो का? आणि ही जर्सी बघा, छातीवर चड्डी-बनियनची जाहिरात! अख्ख्या गावासमोर छातीवर चड्डी चालते आणि तोंडात संडास चालत नाही? साहेब म्हणाले, "ती प्रायोजकांची चड्डी आहे." आता यावर काय बोलणार तुम्ही?

फायनल आली. पहिली सर्व्हिस माझी. शिट्टी झाली, मी बॉल पोटाशी धरून उभा. अहो, आठ सेकंद म्हणजे किती असतात हे तुम्हाला नाही कळायचं! गर्दीतून एक, "अरे, झोपला का रे?" दुसरा, "गिअर टाक, गिअर!" पंच खुर्चीवरून वाकून विचारतात, "काय झालं?" मी म्हटलं, "संडास नाही, साहेब." ते कळवळून म्हणाले, "अहो, मंडपाच्या मागे आहे ना, पटकन जाऊन या!" मी ओरडलो, "मला नाही हो, बायकोला!" झालं! माइकवाल्याने जेवढं ऐकलं तेवढं भोंग्यावरून ठोकून दिलं, "डेपो संघाच्या कर्णधारांच्या सौभाग्यवतींना संडास नसल्यामुळे, एक गुण प्रतिस्पर्धी संघाला!"

मैदान लोळलं हो हसून! मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण दुसऱ्या सेटला पुन्हा तसंच उभे राहिलो, आणि या वेळी बायकांच्या बाजूने कोणी हसलं नाही. एकीने टाळी वाजवली, मग दुसरीने, मग सगळी बाजूच उठली. प्रमुख पाहुण्यांनी मान वळवून मॅनेजरना काहीतरी विचारलं आणि साहेब नुसते रुमालाने मान पुसत राहिले.

शेवटचा सेट. पहिली सर्व्हिस शिडीची. कायम न झालेला गडी! मी म्हटलं, हा करणार सर्व्हिस, आणि केली तर मी बोलणार नाही. शिट्टी झाली. शिडीने बॉल छातीशी धरला आणि डोळे मिटले, गार पाण्याचा तांब्या अंगावर पडायच्या आधी पोरं मिटतात तसे गच्च! उघडलेच नाहीत. मला भर मैदानात भरून आलं हो. सेट दोन पॉइंटांनी गेला, कप गेला. आता त्या एका पॉइंटापायी गेला की माझ्या पोटापायी, ते देव जाणे. पण लोक म्हणायचे ते म्हणतातच, "बघा, म्हणून सांगत होतो, तुम्ही फक्त खेळा!"

आणि संडास? झाला ना! पाहुण्यांनी विचारल्यावर व्हायलाच लागला. पण मॅनेजरच तो! म्हणाला, "ज्यांना एवढा पुळका, त्यांचीच खोली घ्या." आमची कपडे बदलायची खोली फोडून बायकांचा संडास बांधला. फरशी, नळ, आतून कडी, सगळं झकास. आणि आम्ही? आम्ही उभ्या बसच्या आडोशाला कपडे बदलतो.

काल काय झालं, सहाही जण बसमागे अर्ध्या कपड्यांत उभे. आणि दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर आला, बसला, गाडी काढली आणि गेला! भिंतच निघून गेली म्हणा ना. समोर प्रवाशांची ही रांग! शिडीचा एक पाय पँटमध्ये, एक हवेत. मी जर्सीत डोकं अडकवून उभा, खाली काय ते विचारू नका. आणि पलीकडे, त्या नव्या दाराशी सगळ्या कंडक्टर बायका कंबर धरधरून हसतायत. सगळ्यांत पुढे आमची ही, हातात पाण्याची बाटली, दोन घोट प्यायची आणि हसायची, पुन्हा प्यायची आणि पुन्हा हसायची...

हसू दे म्हटलं. पाणी पिऊन हसतेय ना!