भिंतीवरचा फुकट फोन

अहो नाही मावशी, पिशव्या आत ठेवू नका — ठेवल्यात? मग काढा, हात जोडतो, काढा आणि ते दार लावून घ्या. गाडी रिकामी आहे, कबूल. मी नुसता बसलोय, तुम्हाला चार गल्ल्या पलीकडे जायचंय, वरून ही झिमझिम — सगळं कबूल. पण ही काळी टॅक्सी नाही, हात केला आणि बसलं, असं हिच्यात चालत नाही. आधी बुकिंग, मग बूड टेकायचं. बुकिंगशिवाय तुम्ही मागच्या सीटवर बसलात तर गुन्हा होतो, आणि तो तुमचा नाही, माझा. तो बघा, दुकानाच्या ट्रॉल्यांच्या शेजारी भिंतीवर फोन आहे, वर ‘टॅक्सीसाठी मोफत’ लिहिलंय — तो उचला. काय म्हणता? उचललात? आवाजच नाही? ... हो, नसणारच. मेलाय तो. माहीत आहे मला. मग पाठवत का होतो? सवय हो, दुसरं काय! इतकी वर्षं हेच सांगत आलो, फोन उचला मावशी, फोन उचला काका, तोंडाला वळणच पडलंय.

या, अशा छपराखाली उभ्या राहा, तुमचे गोठवलेले वाटाणे गळायला लागलेत. आधी मुलगा गाडीनं घरी सोडायचा का तुम्हाला? — म्हणूनच. नाहीतर आमची डोरीन माहीत असती तुम्हाला. अहो, या फोनवर आकडा फिरवायला नको, नाणं टाकायला नको, उचलला की सरळ आमच्या टॅक्सी ऑफिसात, बुकिंग घेणाऱ्या डोरीनच्या पुढ्यात वाजायचा. एक इथे, एक इस्पितळाच्या दाराशी, एक बिंगो हॉलमध्ये. कुठला वाजतोय ते तिला दिव्यावरून कळायचं, त्यामुळे पत्ता विचारायची भानगडच नाही — नाव सांग राणी, एवढंच. आणि मग, ‘पाच मिनिटं!’ निम्म्या गाड्या विमानतळावर अडकलेल्या असोत, नाहीतर गुडघाभर बर्फ पडलेला असो, डोरीनची आपली पाच मिनिटंच. शिव्या खायची त्यापायी, पण एवढ्या गोड आवाजात सांगायची की लोक थांबायचे. आणि आम्ही ड्रायव्हर दाराशीच नंबर लावून बसलेले. काचेतून सगळं दिसायचं — म्हातारीनं फोन उचलला, ओठ हलले, ठेवला, बाहेर आली — की समजायचं, आपलं काम आलं. गाडीतल्या पडद्यावर नाव मागाहून उमटायचं, ते उमटेपर्यंत तिच्या पिशव्या आमच्या डिकीत. सगळेच करायचे. फोन उचलला म्हणजे बुकिंग झालं — यात डोकं चालवण्यासारखं आहे काय?

मग आमच्या मालकानं, बशारतभाईनं, कंपनी विकून टाकली मोठ्या लोकांना. चांगला माणूस, गुडघे गेले बिचाऱ्याचे, मी दोष देत नाही त्याला — देतो, थोडा देतो. नव्या लोकांनी डोरीनला फुलं दिली आणि घरी बसवलं. आता सगळं मोबाइलवर, बोट लावायचं आणि गाडी येते म्हणे. तुमच्याकडे आहे का तसला? — बटणांचा. वाटलंच मला. आणि हे भिंतीवरचे फोन! लाइन तोडली आणि फोन तसेच ठेवले टांगून. चार स्क्रू काढायला माणूस कोण पाठवणार? बरं, तोडली हे आम्हाला कोणी सांगावं की नाही? एका अक्षरानं नाही सांगितलं. मी हे कमिटीसमोर ओरडून सांगितलं — कुठली कमिटी? परवाने देते ती. देते आणि काढूनही घेते.

मिसेस ऑर्मरॉड म्हणून होत्या एक. डोळे दाखवायला इस्पितळात यायच्या, अंगात निळा कोट, जाताना आमचीच गाडी. त्या दिवशी दाराशी पहिला नंबर माझा. काचेतून बघतोय — बाईंनी फोन उचलला, बोलल्या, मान डोलावली, ठेवला. मान डोलावली मावशी! पलीकडून कोणी बोलल्याशिवाय माणूस मान डोलावतो का? बाहेर आल्या, मी हात दिला, बसवलं, पट्टा लावला, निघालो. पडदा कोरा. म्हटलं, उमटेल. चौकात एक व्हॅनवाला येऊन धडकला — चूक त्याची, शंभर टक्के त्याची. मला खरचटलंसुद्धा नाही. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. आणि मग कळलं, त्या फोनची लाइन त्याच दिवशी सकाळी तोडलेली. म्हणजे बुकिंग नाही. बुकिंग नाही म्हणजे माझा विमा लागू नाही, म्हणजे मी रस्त्यावरचं गिऱ्हाईक चोरून उचललं! कमिटीत एक साहेब शांतपणे विचारतात, तुम्ही बुकिंग ऐकलंत का? म्हटलं, पाहिलं. आख्खी खोली हसली. मग बाईंना विचारायला माणूस गेला, तर त्या पलंगावरून ठणकावून म्हणाल्या — मी त्या पोरीशी बोलले, ती म्हणाली पाच मिनिटं. मेलेल्या फोनवर! माझी एकुलती एक साक्षीदार, आणि तिला भास होतात म्हणून तिचा शब्द बाद. खोटं नव्हत्या बोलत हो त्या. जन्मभर जे ऐकलं तेच ऐकू आलं असणार त्यांना. पुढे त्या पलंगावरून उठल्याच नाहीत. त्यांच्या मुलानं मला निरोप दिला, अंत्यविधीला येऊ नका. मी गेलो होतो — रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो.

परवान्याचा बिल्ला? ... नाही, आता नाही माझ्याकडे. काढून घेतला. म्हणजे हो, तो फोन चालू असता तरी मला तुम्हाला नेता आलं नसतं. बोलता बोलता निघून गेलं तोंडातून. दारावरचे कंपनीचे स्टिकर सोलून काढले मी, पण डिंकाचा डाग काही जात नाही, तो बघून तुम्ही फसलात. फुकट सोडू? अहो, मागे पिशव्यांसकट तुम्ही आणि पुढे मी — फुकट आहे म्हणून माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? माझ्यावर आता कोणीच ठेवत नाही. मग रोज इथे येऊन का बसतो? कुठे बसू सांगा. टॅक्सीच्या आधी गिरणीत होतो मी; ती बंद झाली तेव्हा फाटकावर कागद लागला, आम्ही सगळे एकदम बेकार झालो, शेजारीपाजारी सगळे तसलेच, घरी जाऊन सांगताना मान खाली घालावी लागली नाही. हे माझं एकट्याचं आहे. फार लाज वाटते मावशी. सकाळी बायको डबा देते, मी निघतो, ती दाराशी उभी राहून —

थांबा, तिचाच फोन. हां शाहीन, बोल. ... हो, कामावरच आहे. नाही गं, आत्ता नाही बोलता येणार, गाडीत पॅसेंजर आहे. एक म्हातारी बाई, बाजार घेऊन निघाल्यात, सोडतोय घरी. ... जेवलो ना. भाजी छान झाली होती. ... नाही, यायला उशीर होईल, आज फार कामं आहेत.

... असं बघू नका माझ्याकडे. बस त्या कोपऱ्यावर मिळते, डाव्या हाताला. जा तुम्ही. जा म्हटलं ना. मी काच वर घेतोय, बोटं काढा.