लाव्हा, लिफ्ट आणि मध्ये मी

नाही, पण मला एक सांगा, नातवंडं खेळवायच्या वयाच्या माणसानं भर दुपारी, सगळी बिल्डिंग झोपलेली असताना, खुर्चीतून उडी मारून ओरडावं का, "अगं, माझी मेंढी कुणी मारली?" मी पोळ्या लाटत होते. माझ्या हातातलं लाटणं खाली! आमच्याकडे मेंढी नाही हो. कधीच नव्हती. मांजरसुद्धा ठेवू दिलं नाही या माणसानं आयुष्यात, केस पडतात म्हणून. आणि आता मेंढीसाठी गळा काढतोय!

आमचे हे म्हणजे लिफ्टवाले. सगळा जन्म लिफ्टी दुरुस्त करण्यात गेला. कुणाची मध्येच अडकली की हे निघाले हत्यारांची पिशवी घेऊन. निवृत्त झाले आणि लिफ्ट संपली, मग उरलं काय? मी! सकाळी उठून कपाटाची दारं मोजायची, बिजागऱ्यांना तेल घालायचं, "हा डबा इथं का? तो तिथं हवा, उचलायला सोपं." मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं मी उचलतेय ना? शेवटी लेकीला फोन केला. लेक आमची नर्स, लांबच्या शहरात. तिला म्हटलं, बाई गं, तुझ्या बापाला कशात तरी गुंतव, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते. लेक लगेच गुंतवायला तयार झाली.

सुट्टीत आली आणि त्यांच्या टॅबमध्ये तो ठोकळ्यांचा खेळ घालून गेली. सगळं जग चौकोनी! डोंगर चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. झाडाला बुक्क्या मारायच्या, लाकूड मिळतं. लाकडाची कुदळ करायची, जमीन खणायची, दगड, कोळसा, लोखंड, नशीब असेल तर हिरे, आणि त्यातून घरं, किल्ले, पूल काय हवं ते बांधायचं. खेळायला दुसरी माणसंही येतात, आपापल्या घरून, आणि खाली चॅटमध्ये लिहून एकमेकांशी बोलतात. त्यात प्रत्येकाला टोपणनाव लागतं. लेकीनं घेतलं निळीमेंढी. यांनी काय घेतलं? उद्वाहक! मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "लिफ्टला शुद्ध शब्द आहे तो." घ्या!

इथवर ठीक होतं हो. पण आमची लेक पडली उद्योगी. तिनं त्याच जगात तिच्या काकालाही बोलावलं. म्हणजे माझ्या दिराला.

आता इथं तुम्हाला आतली गोष्ट सांगायला हवी. आमचे हे आणि भाऊजी, सख्खे भाऊ, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. का? फळी! सासूबाईंच्या स्वयंपाकघरात भाऊजींनी एक फळी ठोकून दिली. हौसेनं दिली. भाऊजी पाणीखात्यात, नळ, पाइप, खोदकाम, हाताला सवय होती. घरात पाहुणे जमलेले. आणि आमच्या यांनी सगळ्यांसमोर खिशातून काढलं ते सपाटी मोजायचं बुडबुड्याचं यंत्र, ठेवलं फळीवर, आणि जाहीर केलं, "वाकडी आहे." भाऊजी म्हणाले, "फळी सरळ आहे, भिंत वाकडी आहे." हे म्हणाले, "तुला काय कळतंय!" संपलं! त्यानंतर आजतागायत अबोला. भिंत बिचारी तिथंच आहे, तिला कुणी विचारलं नाही.

पण अबोला म्हणजे बोलणं बंद असं समजू नका. बोलायचं तर असतंच. फोन आला की हे शेजारी उभे राहून, "त्याला विचार, गुडघा कसा आहे." मी विचारायचं. पलीकडून भाऊजी, "त्याला सांगा वहिनी, त्यानं आपला रक्तदाब बघावा." मी सांगायचं. दोघांनाही एकमेकांचा आवाज ऐकू येतोय, बरं का! तरी मध्ये कोण? मी! सासूबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्यात दोघे एकाच बाकावर येऊन बसले. मला वाटलं, आता तरी. तर दोघांनी सरकून जागा केली आणि मला बसवलं मध्ये. दोन्हीकडून दोघे रडतायत, आणि दोघांच्या पाठीवरून हात फिरवायला मध्ये कोण? मी!

तर असे हे दोन वीर आले एका जगात. उद्वाहक आणि तोटी. हो, भाऊजींनी नाव घेतलं तोटी. उद्वाहक डोंगरावर मनोरा बांधतोय आणि तोटी त्याच डोंगराखाली बोगदे खणतोय. आणि चॅटमध्ये काय? हे लिहिणार, "निळीमेंढी, त्याला सांग, माझ्या पायाखाली खणू नकोस." आता हे वाक्य भाऊजींच्या समोरच उमटलंय! त्यांनी वाचलंय! पण नाही. ते गप्प बसणार. मग लेक लिहिणार, "काका, बाबा म्हणतात पायाखाली खणू नका." मग भाऊजी लिहिणार, "निळीमेंढी, त्याला सांग, डोंगर काय त्याच्या एकट्याचा आहे का?" की लेक परत, "बाबा, काका म्हणतात..." पोरीनं मला फोन केला, "आई, तू हे इतकी वर्षं कसं केलंस गं?" मी म्हटलं, बघ. आता तुझी पाळी. आणि लेक ड्यूटीवर गेली की? हे टॅब घेऊन स्वयंपाकघरात. "अगं, तुझ्या जावेला फोन लाव. तिला म्हणावं, त्याला सांग, माझ्या मेंढीला हात लावायचा नाही." म्हणजे चौकोनी जगातल्या चौकोनी मेंढीसाठी खऱ्या फोनवर मध्ये कोण? मी! पिठाच्या हातानं!

बरं, दोघांचं अडलेलंही एकमेकांवाचून. यांना मनोऱ्यात लिफ्ट हवी होती. लिफ्टवाला माणूस, जिने चढेल का? त्या खेळात लिफ्ट पाण्याची करतात. उभी नळी करायची, तळाला एक प्रकारची वाळू ठेवायची, की पाणी बुडबुडे काढत माणसाला वर ढकलतं. पण यांचं पाणी काही केल्या नळीत थांबेना. इकडून गळतंय, तिकडून वाहतंय, मनोऱ्याचा धबधबा झाला. आणि अख्खा जन्म पाणी नळीत कोंडण्यात घालवलेला माणूस त्याच डोंगराखाली बसलाय. विचारलं? छे! मान खाली जाईल ना!

आणि मग तो दिवस उजाडला, तुम्हाला सांगते. लेक ड्यूटीवर. मी जाऊबाईंशी फोनवर बोलत होते, सहज, आपलं सुखदुःखाचं. इकडे हे मनोऱ्याच्या तळाशी सरळ खाली खणत सुटलेले. या खेळात म्हणे पहिला नियम आहे, पायाखाली सरळ खणू नये. लेकीनं दहादा बजावलं होतं. पण लिफ्टची विहीर सरळच असते म्हणे! खणलं, खणलं, आणि धप्प! पायाखालची जमीन गेली. खाली मोठी गुहा. सगळीकडे लाव्हा, तांबडा, रटरट उकळणारा, आणि समोर हाडांचे सापळे उभे, धनुष्य घेऊन! सटासट बाण! यांनी घाईघाईनं चारी बाजूंना दगड लावले आणि स्वतःला कोंडून घेतलं. कुदळ मोडलेली, खायला कण नाही, जीव म्हणून जी बदामांची रांग असते तिच्यात एक बदाम उरलेला. आणि पिशवीत महिनोन्महिने जमवलेलं सगळं, हिरेसुद्धा! मेलं तर ते सगळं लाव्ह्यात.

"अगं!" हे ओरडले. पण या वेळी मेंढीसारखं नाही. बारीक आवाजात. मी धावत गेले, तर कपाळाला घाम, टॅब दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. हसाल तुम्ही. मीही हसले असते. पण हा माणूस अंधाऱ्या विहिरीत उतरून अडकलेल्यांना बाहेर काढणारा, त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतः अडकल्यावर बाहेर कुणाला हाक मारायची ते कळेना, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्यांनी लिहिलं, "कोणी आहे का?"

फोनवर जाऊबाई कुजबुजल्या, "ताई, यांनी वाचलं. चष्मा काढला. पुसला. परत घातला."

"मग?"

"लिहितायत!"

इकडे उमटलं, "कोणी म्हणजे कोण? माणसानं नावानं हाक मारावी."

हे लाल! "बघ! बघ कसा माज आहे!"

"अहो, मग मारा ना हाक."

"मी? मी मोठा आहे!"

"मोठे आहात, पण बदाम एकच उरलाय."

"तू फोनवर आहेस ना?" हे म्हणतात, "तिला सांग, त्याला सांगायला, की..."

आणि तुम्हाला सांगते, मला त्या क्षणी काय झालं मला माहीत नाही. डोळ्यांसमोर तो दवाखान्यातला बाक आला. तो गुडघा, तो रक्तदाब, ती मेंढी, सगळं आलं. मी फोन कट केला. त्यांच्यासमोर. आणि म्हटलं, "मध्ये कुणी नाही. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तो. काय बोलायचं ते बोला." आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॅबकडे पाहिलं. एक बोट पुढे केलं. "बु" लिहिलं. खोडलं. परत "बु" लिहिलं. खोडलं. तेवढ्यात बाहेर बाण आपटला, टक्! आणि मग डोळे मिटून पाण्यात उडी मारावी तसं लिहिलं, "बुटक्या. अडकलोय रे."

बुटक्या! सहा फुटांचा माणूस तो! पण लहानपणी हेच म्हणायचे त्याला. फळी ठोकल्यापासून तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

अन् मग धडाधड उमटायला लागलं, अक्षरं चुकलेली, काना इकडे मात्रा तिकडे, "दादा कुठं आहेस", "हलू नको", "भिंतीपासून लांब राहा", "बदाम किती", "अरे किती सांग ना!" मागाहून जाऊबाईंनी सांगितलं, माणूस खुर्चीत बसलाच नाही म्हणे, उभ्यानं खणत होता!

आणि मग आमच्या टॅबमधून आवाज यायला लागला, टोक्. टोक्. टोक्. दगडापलीकडून. हे कान लावून, "आला. आला बघ. डावीकडून येतोय. पाणीखात्याचा माणूस, बरोबर डावीकडून येणार!" फटकन एक ठोकळा फुटला आणि भोकातून आत काय? मशालीचा उजेड, आणि एक चौकोनी तोंड! तोटी! आला तो सरळ बाहेर गेला, बाण अंगावर झेलत, आणि ओतली की हो बादलीभर पाण्याची धार लाव्ह्यावर! स्स्स्स! तो तांबडा रटरटता लाव्हा, बघता बघता काळा दगड! चालत जा वरून! मग दोन सापळे तलवारीनं आडवे केले, परत आला आणि आमच्या यांच्यापुढे पाव टाकला. चॅटमध्ये लिहिलं, "खा आधी."

मग काय केलं असेल दोघांनी? समोरासमोर उभे राहून उठाबशा! वर-खाली, वर-खाली! या खेळात आनंद झाला की असंच करतात म्हणे. हे चौकोनी, ते चौकोनी, आणि इकडे खुर्चीत आमचे हे, गालांवरून धारा, आणि अंगठा बटणावर, उठाबशा थांबेनात!

आणि त्यात भाऊजींनी लिहिलं, "फळी सरळ होती."

यांनी नाक पुसलं आणि लिहिलं, "वाकडी होती."

माझा फोन वाजला. मी उचलणार तोच यांनी झडप घातली. स्वतः! नंबर बघून! "हॅलो" नाही की काही नाही, "वाकडी होती म्हणजे होती!" आणि पलीकडून भाऊजी असे गरजले की मला चार हातांवर ऐकू आलं, "भिंत, दादा! भिंत!" भांडले हो! कडाकडा भांडले! फळीवरून भिंतीवर, भिंतीवरून शाळेतल्या पतंगावर, पतंगावरून आईच्या शेवटच्या दिवसांवर, आणि तिथून परत फळीवर! आणि मध्ये कोण? कोण्णी नाही! मी आत जाऊन, पंखा लावून, आडवी झाले. इतक्या वर्षांत भांडण ऐकता ऐकता अशी गाढ झोप मला लागली नव्हती!

आठवड्यात मनोऱ्यात लिफ्ट चालू झाली. पाणी भाऊजींनी कोंडलं, विहीर यांनी ओळंब्यात सरळ ठेवली. खालून पाऊल टाकलं की सुर्रर्र वर, थेट ढगांत! लेक बघायला आली, तिनं वर जाऊन खाली पाहिलं आणि नुसतं लिहिलं, "बाबा!! काका!!" इतका वेळ दोघांच्या मध्ये अडकलेली मेंढी, मोकळी झाली बिचारी.

आता भाऊजी आणि जाऊबाई आलेत आमच्याकडेच राहायला, चार दिवसांसाठी म्हणून. दोघे भाऊ एका सोफ्यावर, मांडीला मांडी लावून, दोन टॅब. तोंडानं हाक मारली तर एकाचंही लक्ष नाही. तीनदा ओरडले, जेवायला चला! ढिम्म. जाऊबाई म्हणाल्या, ताई, यांच्या कानांना चौकोन पडलेत. शेवटी आम्हीही टोपणनावं घेतली आणि त्या खेळात शिरलो, त्यांच्या मनोऱ्यासमोर जाऊन दोघी उभ्या राहिलो आणि लिहिलं, "पानं वाढलीत. या."

उत्तर लगेच आलं, दोघांचं एकदम, "बरं झालं आलात, दगड संपलाय. त्या पेटीत कुदळी आहेत."

करता काय? घेतल्या कुदळी. सध्या दुपारी आम्ही दोघी जावा खाणीत असतो. काही निरोप असला तर चॅटमध्ये टाका.