इंटरव्ह्यूआधीची भेट

मी मूळची बार्शीची. वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं पेठेत, आणि आम्ही चार बहिणी, त्यात मी तिसरी, म्हणजे कौतुकाचीही नाही आणि काळजीचीही नाही. डॉक्टर व्हायचं असं मी ठरवलं नव्हतं, मार्क पडत गेले आणि वडील म्हणले, पडतायत तर शिक. एमबीबीएस केलं, मग बाळंतपणाच्या विषयात एमडी केलं, आणि एक सांगते, हे नीट लिही, त्या सगळ्यात मी एकदाही कुणाच्या दारात गेले नाही. आमच्याकडं काय चालायचं, परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे, रेस्ट हाउसवर उतरायचे, आणि मुलं आदल्या दिवशी आपापल्या वडलांना घेऊन भेटायला जायची, सहज, नमस्कार करायला म्हणून. एकानं तर हापूसची पेटी नेली होती. मी वडलांना विचारलं, आपण जायचं का, तर ते एक घागर तोलत होते, काट्यावरची नजरसुद्धा न हलवता म्हणले, तुला येतंय ना, मग तोंड कशाला दाखवायचं.

लग्न होऊन इकडं इंग्लंडला आले ते ऐंशी सालाच्या आसपास. आमचे हे कॉव्हेंट्रीला मशीन टूलच्या कारखान्यात इंजिनिअर. आल्यावर कळलं की माझी एमडी इथं नुसता कागद. आधी इंग्रजीची परीक्षा द्या, मग डॉक्टरकीची द्या, जे मी तिकडं पोरांना शिकवत होते त्याचीच परीक्षा, दिली. मग अगदी खालची नोकरी, रक्त काढायचं, नोट्स लिहायच्या, सिझेरियनला दुसऱ्यानं कापायचं आणि मी हुक धरून उभं राहायचं, जिनं सिव्हिलमध्ये स्वतः सिझेरियन करत हाताखालची माणसं तयार केली होती ती मी. राहिले उभी. मग म्हणले इथली मेंबरशिप पाहिजे, म्हणजे बाळंतपणाच्या विषयातली इथली मोठी परीक्षा, दोन भाग असतात तिचे, मुलगी तेव्हा लहान, तिला मांडीवर घेऊन वाचलं, दोन्ही भाग पहिल्या झटक्यात पास झाले. मग रजिस्ट्रार झाले, म्हणजे मधल्या पायरीवरची डॉक्टर. आणि मग सीनियर रजिस्ट्रारची जागा निघाली. ते एक दार आहे बघ. त्या दारातून गेलं तरच पुढं कन्सल्टंट, म्हणजे खात्यातला मोठा डॉक्टर होता येतं, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या नावाखाली काम करायचं.

जाहिरात मी पाठ केली होती. जेवढ्या डिग्र्या मागितल्या होत्या तेवढ्या सगळ्या माझ्याकडं होत्या. आणि खाली, अगदी शेवटी एक ओळ, इच्छुकांनी अनौपचारिक भेटीला यावं, स्वागत आहे. मी वाचून हसले. ह्यांना म्हणलं, बघा, साहेबाच्या देशातही रेस्ट हाउस आहे. हे म्हणले, अगं ये की जाऊन, स्वागत आहे म्हणतायत. मी म्हणलं, मी नाही जायची, वशिल्याची कामं ती, मला येतंय.

इंटरव्ह्यूला टेबलापलीकडं पाच माणसं. मधल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही आमचं युनिट बघायला आला होतात का? मी अभिमानानं सांगितलं, नाही. ते ओह म्हणले. इथल्या ओहमध्ये काय काय असतं ते तुला सांगायला नको, तू इथंच शाळेत गेलीस. मग मुलीला कोण सांभाळतं विचारलं, नवरा काय करतो विचारलं, आणि थँक यू सो मच. बाळंतपणाबद्दल एक प्रश्न नाही.

जागा आमच्याच वॉर्डातल्या सायमनला मिळाली. अडलेल्या बाळंतपणात बाळाला चिमटा लावायला त्याला मी शिकवलेलं. मुलगा वाईट नव्हता, कँटीनमध्ये कॉफी आणून दिली आणि म्हणला, सू, पण तू बघायला का नाही गेलीस? सगळे जातात. न भेटलेल्या माणसाला ते घेतील कसे? त्यांना वाटलं तुला फारसा रस नाही.

मला सू म्हणतात इथं, माझं नाव सुधा.

रस नाही! काय सांगू तुला, तो कप मी अजून त्याच्या अंगावर फेकलेला नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं. यायलाच पाहिजे असं लिहिलं होतं कुणी? परीक्षा मागितल्या, दिल्या. खालच्या नोकऱ्या करा म्हणलात, केल्या. आणि जी खरी अट ती मात्र इतक्या मऊ शब्दांत लिहायची की आमच्यासारखीला ती अट आहे हे कळूच नये, उलट आपण न जाऊन फार सचोटीनं वागलो असं वाटावं. स्वागत आहे म्हणे.

मग गेले. प्रत्येक ठिकाणी गेले. निळा सूट घेतला, ट्रेननं जायचं, वॉर्ड बघायचे, किती छान किती छान म्हणायचं. एकानं चहा दिला, बिस्किटं दिली आणि अगदी प्रेमानं सांगितलं, तुम्ही फॅमिली प्लॅनिंगच्या क्लिनिकचा विचार का करत नाही, तुमच्याकडच्या बायकांना तुमची फार गरज आहे. आणि शेवटी शेवटी तर म्हणायला लागले, तुम्हाला रजिस्ट्रार म्हणून फारच वर्षं झाली, कमिटीला ते जरा विचित्र वाटतं. म्हणजे आधी म्हणायचे इथला अनुभव कमी, नंतर जास्त. मग बरोबर कधी होता? एखाद्या मंगळवारी असेल, आणि त्या दिवशी मी ड्यूटीवर असेन.

मग मी आहे तिथंच कायमची झाले, खालच्या दर्जाची का होईना पण पक्की नोकरी. आमचे कन्सल्टंट मिस्टर हार्डिंग. काही वर्षांनी आमच्याच खात्यात सीनियर रजिस्ट्रारची जागा निघाली. मी विचारलं, अर्ज करू का. त्यांनी खांद्यावर थोपटलं, म्हणले, सू, माय डियर, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस. आणि दारापर्यंत जाऊन परत वळले, म्हणले, उमेदवार बघायला येतील त्यांना तू फिरवशील का, तुझ्याइतकं हे युनिट कुणाला माहीत आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि तोंडानं मी म्हणलं, येस, मिस्टर हार्डिंग.

फिरवलं मी एकेकाला. हे लेबर वॉर्ड, हे थिएटर. ती पोरं मला विचारायची, म्हातारा कसा आहे, कडक आहे का. आणि ती गेली की हार्डिंग मला विचारायचे, कसा वाटला गं? तेव्हा मला उमगलं, म्हणजे माझ्या शब्दानं दुसऱ्याला दार उघडत होतं, फक्त मला नाही.

एकजण आली नाही. नाव मराठी, गौरी, उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार. इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. मी वॉर्डातूनच तिथं फोन लावला आणि सरळ मराठीत विचारलं, अगं, तू बघायला का आली नाहीस? ती दचकलीच. मॅडम, आपण कोण? मी सांगितलं. तर म्हणते, मॅडम, पण इंटरव्ह्यूआधी भेटणं बरं दिसेल का, मला असं पुढंपुढं करायला नाही आवडत.

मी ओरडले. नर्सा वळून बघायला लागल्या इतकी ओरडले. म्हणलं, हे पुढंपुढं करणं नाही बाई, ही इथली तोंडी परीक्षा आहे आणि तू गैरहजर आहेस! उद्या ये.

आली. मी फिरवली, हार्डिंगच्या खोलीपर्यंत नेली, आणि कानात सांगितलं, नव्या स्कॅनच्या मशीनबद्दल विचार, मग तेच बोलत सुटतील, तुला बोलावंच लागणार नाही. नंतर त्यांनी विचारलं, वेल, सू? मी म्हणलं, सगळ्यांत चांगली हीच. खोटं नव्हतं ते. पण ती आपल्याकडची नसून ब्रायटनची असती तर मी इतक्या जोरात म्हणलं असतं का? नसतं म्हणलं. वशिला तर वशिला. सायमनसाठी कुणी कुणाच्या कानात काय सांगितलं ते मला कोण येऊन सांगतंय?

तिला जागा मिळाली. पुढं हार्डिंग रिटायर झाले आणि आता ती आमच्याकडंच कन्सल्टंट आहे. मी तपासलेल्या बायकांची पत्रं तिच्या नावानं जातात, तसा नियम आहे. हुशार आहे पोरगी, हात हलका आहे, बायका तिचं नाव काढतात. एकदा थिएटरात हात धुताना हळूच म्हणली, मॅडम, ही जागा खरं तर तुमची होती. मी म्हणलं, हो, होती. असू दे गं, असं काही मी म्हणलं नाही. तिला अवघडल्यासारखं झालं, होऊ दे.

तिच्या हातून बाळं सुखरूप होवोत, तिचं नाव आणखी मोठं होवो, हे मी अगदी मनापासून म्हणते. पण राग गेला का विचारशील, तर नाही गेला, आणि जायला काही कारणही घडलेलं नाही. लोकांना वाटतं आशीर्वाद दिला की माणूस निवलं. मी नाही निवले. लिहिताना मला मोठ्या मनाची बिनाची करू नकोस, तेवढं सांभाळ.