जनाकाकूंचे दोन ठोके

मंडळी, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मागच्यांना ऐकू येतंय ना?

जनाकाकूंच्याच दारासमोर उभं राहून जनाकाकूंबद्दल बोलायचं, हे मला जड जातंय. हे दार मी बंद असं फारसं पाहिलेलंच नाही.

नवे भाडेकरू काकूंना ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणून ओळखतात. आम्ही जुने मात्र त्यांना आवाजावरून ओळखायचो. हा भिंतीलगतचा बिडाचा पाइप बघा. तळापासून गच्चीपर्यंत गेलाय. काकूंचा आवाज यातून यायचा.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. प्रत्येक मजल्यावर लूमवर काम करणारं कुणीतरी होतंच. शिफ्ट सुटली की अंगभर कापसाचं तूस घेऊन माणसं यायची आणि सगळ्या मोऱ्यांत एकदम आंघोळी सुरू. ते तूस कुठं जाणार? खाली. आणि खाली कोण? जनाकाकू. वर बादली ओतली की त्यांची मोरी गुडगुडायची आणि जाळीतून काळं पाणी उसळून घरात. मग काकू बत्ता उचलायच्या. पाइपवर दोन ठोके म्हणजे नळ बंद. एक ठोका म्हणजे चालू द्या. मी तिसऱ्या मजल्यावर, तोंडाला साबण लावून कितीदा तसाच उभा राहिलोय! शिवाय खालून हाक, "कोन हाय रं वर? म्हस धुतोस का?"

हसा, मंडळी. त्यांना आवडलं असतं.

पण काकूंच्या मुलाला, आपल्या रमेशला, हसू येत नव्हतं. त्यानं कोन गावात घर बांधलं होतं. "आय, या घानीत किती दिस? चल," असं तो दर आठवड्याला सांगायचा. त्या उन्हाळ्यात काकूंनी शेवटी मान डोलावली. भांडी गोणीत गेली. आम्ही वरचे त्यांना कुठल्या तोंडानं थांबवणार? पाणी तर आमचंच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही प्लंबरला, इस्माईलभाईंना, पुन्हा बोलावलं. तूस त्यांनी पूर्वीही काढलं होतं. त्या दिवशीही काढलं. तरी गुडगुड तशीच. मग ते गच्चीवर गेले, मागे आम्ही सगळे. हवेसाठी उघड्या ठेवलेल्या पाइपच्या तोंडावर पत्र्याचा डबा, त्यावर गोणपाट, सुतळीनं घट्ट बांधलेलं.

"ये किसने किया?"

जिन्यातून धापा टाकत काकू आल्या. "मीच. पापडाला वास लागतो म्हून."

अख्ख्या बिल्डिंगचे पापड तिथं वाळायचे आणि राखण काकूंची.

"चाची, पानी गिरता है तो हवा दबती है. यहाँ से नहीं निकलेगी तो आपकी मोरी से निकलेगी. पाइप की नाक बाँध दी आपने!"

"मना काय ठावं, पायपाला बी नाक हाय!"

सगळ्यात जास्त त्याच हसल्या. सुतळी कापली. वर बादल्या ओतल्या. खाली मोरी गप्प. काकूंनी गोणीचं तोंड सोडलं आणि रमेशला म्हणाल्या, "भांडी लाव फलीवर." पापड तेवढे पलीकडच्या कोपऱ्यात गेले.

दोन ठोक्यांची गरज संपली. पण काकू रोज सकाळी एक ठोका मारायच्याच. का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी उठलेय, तुमचं चालू द्या, असं आम्ही समजायचो आणि नळ सोडायचो.

गेल्या आठवड्यात एका सकाळी तो ठोका आला नाही. आम्ही सगळे जिन्यानं खाली आलो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

रमेश, तो बत्ता घे. दोन ठोके मार. जी माणसं वर घरात थांबलीत, त्यांनाही कळेल. नळ बंद करून तीही उभी राहतील. आपणही उभे राहू या, काही न बोलता.

आणि झालं की रमेश, एक ठोका मार.