आप्पांनी पंखा सांगितला

…नाही पण मी म्हणतो, मत देऊन बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला विचारायचंच कशाला, 'आजोबा, कुणाला दिलंत हो?' आणि तेही आमच्या आप्पांना! जन्मात सरळ उत्तर दिलं नाही या माणसानं. डॉक्टरनं 'कुठं दुखतंय?' विचारलं तर 'शोधा की, शिकलात ना?' म्हणणारा! सख्खी सून निवडणुकीला उभी, निशाणी शिडी. आप्पांनी सकाळी उठून पहिलं मत शिडीलाच दिलं, आणि बाहेर आल्यावर त्या केबल वाहिनीच्या पोरीला गंभीर तोंड करून काय सांगावं? 'पंखा!' म्हणजे सुनेच्या समोरचा उमेदवार! बरं, एकट्यानं सांगून थांबावं? छे! बाकावरच्या आम्हा सगळ्या थेरड्यांना पढवलं, आणि आम्ही तरी काय कमी… पंखा, पंखा, पंखा! पोरगी मान डोलावत टिपून घेतेय आणि आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसतोय!

दुपारी आप्पांच्या जावयाचा फोन. जावई त्याच वाहिनीवर बातम्या देतो, आणि तुम्हाला सांगतो, त्याच्या पोटात काही राहत नाही, पण त्या दिवशी आवाज असा की घरात कुणी गेलंय! 'आप्पा… एक्झिट पोलचे आकडे आलेत. बोलता येत नाही हो. कायदाच आहे, शेवटचं मत पडायच्या आत तोंड उघडलं तर वाहिनीला टाळं आणि मी आत! फक्त… वहिनींना जपा.'

आप्पांनी कपाळावर हात मारला, आकड्यांत आपलाच पंखा फिरतोय! अहो, हे दुपारीच टीव्हीवर आलं असतं तर? शिडीचे कार्यकर्ते टेबलं आवरून घरी, आणि संध्याकाळी कारखान्यातून सुटणाऱ्या बायका, ज्यांच्या पाळणाघरासाठी सून केव्हापासून चपला झिजवतेय, सगळी भिस्त ज्यांच्यावर, त्या म्हणाल्या असत्या, 'पडलीच आहे ती, मग रांगेत पाय कशाला मोडायचे?' एका चेष्टेपायी सूनबाई उताणी! भलं होवो त्या कायद्याचं!

मग आप्पा जे टीव्हीला चिकटले! पडद्यावर जावई… 'उद्या… हवा… कोरडी राहील…' आणि डोळ्यांत पाणी! मागून वाहिनीच्या वकीलबाईंचा आवाज, 'चेहरा सरळ ठेवा हो! तुमची भुवईसुद्धा आकडा सांगतेय!' तिकडे तो आवंढा गिळतो, इकडे आप्पा. मधेच सून पाणी प्यायला आली, 'आप्पा, बरं नाही का?' 'काही नाही गं, ऊन लागलं.' 'घरात बसून?' आणि गेली पुन्हा धावत. तिला कळलं नाही हो, कळू दिलं नाही… भलं होवो त्या कायद्याचं!

कारखाना सुटला, बायका आल्या, रिकामे डबे काखेत मारून रांगेत उभ्या राहिल्या, केंद्र बंद झालं… आणि फुटलं की जावयाचं तोंड! 'पंखा सुसाट! शिडी घसरली! ज्येष्ठांनी तर एकमुखानं…' सून टीव्हीसमोर पांढरीफटक. आप्पांना बघवेना.

'अगं, खोटं आहे ते!'

'तुम्हाला काय माहीत?'

'ते… ते ज्येष्ठ म्हणजे आम्हीच गं!'

मोजणी झाली, सून आली निवडून, अगदी थोडक्यात, त्या कारखान्यातल्या बायकांच्या जोरावर. आप्पांनी टीव्हीलाच हात जोडले, 'भलं होवो त्या कायद्याचं!' तशी सून हसून म्हणाली, 'आवडला ना तुम्हाला? मग घरातही लागू! यापुढं मला विचारल्याशिवाय तुमचं प्रसारण बंद!'

तेव्हापासून आप्पा बाकावर येतात, आमच्याकडे बघतात, आवंढा गिळतात. जावयाचा कायदा निदान मतदान संपलं की उठायचा हो… या कायद्याला संध्याकाळच नाही!